सुलोचनावैनीच्या डब्यातली चिमूट

आमच्या नि शेजारच्या घरामध्ये एक कुंपण आहे. निरगुडीचं नि काटक्यांचं. वाऱ्यानं जे काही उडेल ते येऊन त्यालाच अडकतं. पिशव्या, कोंबड्यांची पिसं, एकदा तर कुणाच्या तरी लग्नाची आख्खी पत्रिका! किस्सेही तसेच. मी मुद्दाम गोळा करत नाही हो. पण सकाळी भांडी घासायला बसलं की तोंड शेजारच्या ओट्याकडेच होतं, त्याला मी काय करू? आमचे हे म्हणतात, "मंदे, तू आठवीत शाळा सोडलीस नि या कुंपणात नाव घातलंस." म्हणू देत. वीस-बावीस वर्षांत इतकं साचलंय की सांगून टाकल्याशिवाय आता हलकं वाटायचं नाही.

तर शेजारचं घर दत्तूभाऊंचं. आमचा पाडा धसईपासून पायी अर्ध्या तासावर. भाऊंची भाताची शेती. त्यांची बायको सुलोचनावैनी, माहेर डोळखांबकडचं, म्हणजे नाचणीच्या मुलखातलं. आणि एकुलती एक लेक अश्विनी, आमची अशू. ती शिकत शिकत थेट हैदराबादला पोचली. तिथं बियाण्यांच्या एका प्रयोगशाळेत तांदळावर काम करते. संध्याकाळी भाऊंच्या ओट्यावर बसणारी आम्ही पाच-सात माणसं. एवढीच काय ती मंडळी.

*

नोकरी लागल्यावर अशू पहिल्यांदा घरी आली, तेव्हा ओट्यावर सगळे तिला घेरून बसले. भाऊंनी विचारलं, "म्हंजे तू तिथं करतेस काय ते तरी सांग. भात लावतेस ना?"

अशू म्हणाली, "बाबा, तांदळात पिठूळ भाग असतो ना, स्टार्च. त्याला फोडून गोड करणारं एक द्रव्य असतं, एन्झाइम म्हणतात. दाण्याला मोड येतो तेव्हा ते आपोआप तयार होतं. आम्ही दाण्याच्या मुळातच असा बदल करतोय, जेनेटिक इंजिनियरिंग म्हणतात त्याला, की मोड न आणता ते भरपूर तयार होईल. आणि उकळलं तरी मरणार नाही. मग भात शिजवला की पातळ होईल, पचायला हलका. म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, तान्ह्या पोरांना."

मला जेवढं कळलं तेवढं मी दुसऱ्या दिवशी एसटी थांब्यापर्यंत पोचवलं. मला एवढंच कळलं होतं, की अशू तांदळाला साखरेचं इंजेक्शन देते!

संध्याकाळी पाड्यावरचे गणपतमामा दवाखान्याचा कागद हातात घेऊन हजर. त्यांना डायबिटीस. "पोरी, माझी शुगर वाढवायला एवढी शिकलीस काय गो?"

अशूनं माझ्याकडे पाहिलं. मी निरगुडीकडे पाहिलं.

"मामा, साखर कुणी घालत नाही. ते द्रव्य तुमच्या तोंडातसुद्धा आहे, थुंकीत. साधा भात घ्या, गिळू नका, नुसता चावत राहा. आपोआप गोड लागेल."

वैनीनं आतून थाळीभर भात आणला. मीठ नाही, वरण नाही. मग काय, ओट्यावर आम्ही सात मोठी माणसं डोळे मिटून भात चावतोय! कुणी बोलत नाही. रस्त्यानं जाणाऱ्या दोन बाया थबकल्या, त्यांना वाटलं कुणाचं तरी बरंवाईट झालं.

बऱ्याच वेळानं अशूनं विचारलं, "लागला का गोड?"

मी मान हलवली. खरंच लागला होता! आमचे हेसुद्धा "हां" म्हणाले. भाऊ मात्र अजून चावतच होते.

"बाबा, तुम्हाला?"

"मला तंबाखू लागते गो."

*

वैनीच्या मनात एकच होतं. लेकीनं पिकवलेला तांदूळ एकदा शिजवून खायचा. दर फोनला तेच. "अशू, येताना मूठभर आण हां."

"आई, नाही आणता येत. एक दाणासुद्धा बाहेर न्यायची परवानगी नसते. आत जाताना चपला बदलतो, कोट घालतो. उरलेला पेंढासुद्धा तिथंच जाळतात."

वैनी फोन ठेवून कुंपणाशी यायची. "ऐकलंस मंदे? अख्ख्या पाड्याला मी भाताचं बी देते. आनी माझ्या लेकीच्या भाताचा एक दाणा मला नाय!" हसून म्हणायची, पण पदर डोळ्याला लावायची.

मग एका दिवाळीला अशू घरी आली. वैनी तिचे कपडे धुवायला बसली, नि मला एकदम हाक. "मंदे, धावत ये!"

गेले तर वैनीच्या तळहातावर एक तांदळाचा दाणा! अशूच्या पँटीच्या खिशात सापडलेला. रंग जरा तांबूसच. "चुकून आला असंल. लेकीला नोकरीत त्रास तर नाय ना व्हनार? मी कुनाला नाय सांगनार. तू पन सांगू नको."

दाणा कापसात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवला. वैनीनं त्याला हळदकुंकूसुद्धा वाहिलं. संध्याकाळी अशू दिवा लावायला गेली, तिनं कापूस उघडून पाहिला.

"आई, हे काय?"

वैनी घाबरत म्हणाली, "तुझ्या खिशातला हाय. रंगावरनं वळखला मी. तुझं इंजिनियरिंग!"

अशू खाली बसली नि पोट धरून हसायला लागली. "अगं आई, ही अक्षत आहे! मंदाकाकीच्या भाच्याच्या लग्नातली!"

दाणा मात्र वैनीनं देव्हाऱ्यातून काढला नाही. म्हणाली, "असूं दे. तिच्या खिशात तर व्हता ना."

*

आता वैनीच्या पेजेचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं.

आजाऱ्याला पेज देतात. पण पातळ केली तर नुसतं पाणी, पोटाला आधार नाही. घट्ट केली तर गिळवत नाही. वैनीची पेज वेगळीच. चुलीवर कण्या शिजत असायच्या तेव्हा एवढ्या घट्ट की पळी उभी राहावी. आणि वाटीत यायची तेव्हा पातळ, गोडसर, गळ्याखाली सरकणारी. एक थेंब पाणी न वाढवता! आमचा सागर दीड वर्षाचा असताना गोवर होऊन गेला. नुसता सांगाडा राहिला होता, काही म्हणजे काही घेत नव्हता. वैनीच्या पेजेवर महिन्याभरात पुन्हा बाळसं धरलं. आज तो मुरबाडला कंपनीत क्रेन चालवतो. त्याला बघितलं की मला ती वाटी दिसते.

गुपित एका पितळी डब्यात होतं. मोड आणलेल्या नाचणीचं पीठ. ते करताना मी शंभरदा पाहिलंय. एक रात्र नाचणी भिजत घालायची. मग ओल्या फडक्यात बांधून दोन दिवस पडवीतल्या खुंटीला टांगायची. मोड आले की सुपात तीन दिवस ऊन, मग मोड चोळून काढायचे, मग जातं. झाला आठवडा! त्यातलं तीन बोटांच्या चिमटीएवढं पीठ पेजेत टाकलं की झालं. पीठ करणं कुंपणातून पाहिलं होतं, चिमटीचं वैनीच्या तोंडून ऐकलं होतं.

म्हणून एका श्रावणात मीही केलं. नाचणी भिजवली, टांगली, वाळवली, दळली. सोमवारी उपास सोडायला कण्या शिजत घातल्या, रटरटा उकळत होत्या, त्यात चिमूटभर पीठ टाकलं. काही नाही! आणखी एक चिमूट. अजून घट्ट! मग मूठभर टाकलं.

आमचे हे ताट पुढ्यात घेऊन बराच वेळ बघत राहिले. "मंदे, हे प्यायचं की भिंतीला लावायचं?"

मी वैनीला विचारलं नाही. मला लाज वाटली. पण त्याच दिवशी अशू आली होती, तिला हळूच विचारलं. ती म्हणाली, "काकी, उकळत्यात टाकलंत? मग मेलं ते."

"काय मेलं?" मी कानांना हात लावले. "अगं बाई, आज माझा सोमवार!"

अशू एवढी हसली की तिला ठसका लागला. "तसं नाही हो काकी. एन्झाइम. उकळत्यात ते मरतं. पेज उतरवून आधी निवू द्यायची. फार निवली तरी काम करत नाही. मधली एक वेळ असते."

"किती निववायची मग?"

"ते आईलाच ठाऊक. तिला विचारलं तर म्हणते, 'निवली की कळतं.' खरं सांगू काकी? मी त्या लॅबमध्ये जे करते ना, ते आईच्या चिमटीचंच काम आहे. आम्ही फक्त ती चिमूट दाण्याच्या आत ठेवतोय."

*

हा किस्सा हसण्याचा नाही. पण मधूनच सोडून दिला तर पुढचं कळणार नाही.

वैनी आजारी पडली ती पोटाच्या दुखण्यानं. मुरबाडच्या दवाखान्यातून घरी आणली तेव्हा डॉक्टरांनी भाऊंना बाजूला घेऊन सांगितलंच होतं. वैनीलाही कळलं होतं. तिनं मला जवळ बोलावलं. "मंदे, अशूचं भात फुलावर हाय. ती सांगत व्हती, दुसऱ्या भाताची भेसळ नको म्हनून एकेका लोंबीला कागदाची टोपी घालून बसलीय. दोन वर्सांची मेहनत हाय तिची. तिला आत्ता काय सांगू नको. माझी शपथ."

त्या आठवड्यात अशूचा मला तीनदा फोन आला. "काकी, आई कशी आहे? खरं सांगा." तिन्हीदा मी म्हटलं, "बरी हाय गो. जरा अशक्तपणा हाय."

सगळ्या पाड्याच्या गोष्टी जिच्या पोटात राहत नाहीत, तिनं आयुष्यात एकच गोष्ट पोटात ठेवली. नि नेमकी तीच सांगायची होती.

वैनी गेली. अशू दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली, तोवर सगळं आटपलं होतं. भाऊ तिला म्हणाले, "फुलावरचं पीक टाकून कोन येनार? मी तरी आलो असतो काय?" तेवढंच. पण ती कुंपणाशी आली, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "काकी, तुम्ही तर सगळ्यांना सगळं सांगता ना?"

आणि आत गेली. नंतर वर्षश्राद्धाला एक दिवस येऊन गेली, पण कुंपणाकडे फिरकली नाही.

*

भाऊंचं एकट्याचं बरं चाललं होतं, असं ते म्हणायचे. भाकरी करायला शिकले. पहिली भाकरी कोंबड्यांना टाकली तर कोंबड्या तिच्यावर उभ्या राहिल्या!

वैनीचा तो पितळी डबा मात्र कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. तिनं जाण्याआधी केलेलं शेवटचं पीठ त्यात होतं, तळाशी चार बोटं. दर महिन्याला भाऊ ते ताटात पसरून ओट्यावर ठेवायचे नि शेजारी काठी घेऊन बसायचे. एक कोंबडी जवळ आली तर काय आरडाओरडा! मी विचारलं, "भाऊ, खायचं नाय, वापरायचं नाय, मग ऊन कशाला?"

"कोंदट वास येतो. तिला नाय आवडायचा."

एका दिवाळीला त्यांची बहीण घर आवरायला आली. तिनं डबा रिकामा करायला काढला होता, एवढ्यात भाऊ आले. डबा तिच्या हातातून काढून घेतला. नि तेव्हापासून बाजारालासुद्धा डबा पिशवीत घालून न्यायला लागले.

एकदा आम्ही मुरबाडला एकाच एसटीनं चाललो होतो. गाडी भरलेली. भाऊ पिशवी छातीशी धरून उभे. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, डबा खाली ठेवा ना. एवढं काय आहे त्यात?"

भाऊ म्हणाले, "घरातलं मानूस हाय."

कंडक्टरनं एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा भाऊंकडे. मग पुढच्या सीटवरच्या पोराला उठवलं नि भाऊंना खिडकीशी बसवलं. तिकीट द्यायचंही विसरला! पुढच्या थांब्याला आठवलं, तेव्हा हळूच विचारतो, "आजोबा, तिकीट एकच ना?"

*

अशूचा रोज संध्याकाळी फोन यायचा. भाऊ फोनचा आवाज मोठा करून, तो कानाला लावून ओट्यावर येरझाऱ्या घालायचे, त्यामुळे दोन्हीकडचं मला ऐकू यायचं. मी काय कान बंद करू?

लेकीला "ये" म्हणायचं त्यांना कधी जमलं नाही. ते भाताची चौकशी करायचे.

"निसवलं काय गो तुझं भात?"

"हो बाबा, निसवलं. लोंब्या आल्यात."

"पाणी देतात का टायमाला?"

"देतात बाबा. मशीननं देतात."

"करपा तर नाय ना पडला?"

"नाही बाबा."

असं सगळं भात विचारून झालं की आवाज खाली जायचा. "मग... कापनी कधी?"

मला कळायचं. आमच्याकडे कापणी झाली, झोडणी झाली की माणूस मोकळं होतं. पोरी माहेरी येतात. भाऊंच्या हिशेबानं अशूचं भात कापलं की अशू घरी यायची होती.

एकदा ती म्हणाली, "बाबा, इथं तसं नसतं. काचेच्या घरात भात लावतो आम्ही. ऊन-पाऊस सगळं आतच. एक कापलं की दुसरं तयार. बारा महिने कापणी."

भाऊ जागीच थांबले. मग म्हणाले, "बारा म्हयने कापनी. मंग मानसं घरी कधी जातात गो?"

तिकडून काही आवाज आला नाही. फोन चालू होता, एवढं मला माहीत आहे. कारण भाऊंनी तो कानावरून काढला नव्हता.

*

आणि आता हे गेल्या महिन्यातलं.

भाऊ आजारी पडले. ताप आला, तोंड आलं, गिळवेना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, म्हणाले पोटात अन्न जाऊ द्या. मी वरण दिलं, दूध दिलं, साबुदाण्याची खीर दिली. भाऊ मान फिरवायचे. चार दिवसांत गालांची हाडं दिसायला लागली.

मी घरात गेले नि अशूला फोन लावला. या वेळी पोटात काही ठेवलं नाही! होतं ते सांगितलं, आणि त्यावर थोडं माझ्या पदरचंही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अशू दारात. दोन दिवसांची सुट्टी काढून आलेली. तिसऱ्या दिवशी आठच्या एसटीनं परत निघायचं, कल्याणहून गाडीचं तिकीटही काढलेलं. आल्या आल्या तिनं चूल पेटवली नि कण्या शिजत घातल्या. मी मदतीला म्हणून पडवीत बसले. म्हणजे बघायलाच, खोटं कशाला बोलू?

ती खाटेशी जाऊन म्हणाली, "बाबा, डबा द्या."

डबा भाऊंच्या उशाशी होता. त्यांनी त्यावर हात ठेवला. "नाय. संपंल."

"थोडंसंच घेते."

"त्यात तिचा हात लागलेला हाय गो." भाऊंनी डबा जवळ ओढला. "तू लॅबवाली. तुझ्याकडं असंल ना दुसरं काय."

"नाही बाबा. माझं अजून झालं नाही. अजून बरीच वर्षं लागतील." अशू खाली जमिनीवर बसली. "आणि मलाही भीती वाटतेय. दोन वर्षं झाली. पिठातलं ते सगळं मेलंही असेल. टाकलं आणि पेज तशीच राहिली, तर?"

बापलेक दोघंही डब्याकडे बघत राहिले. मीही. कण्या रटरटत होत्या.

मग भाऊंनी हात काढला.

अशूनं पातेलं उतरवलं. पळी पेजेत खुपसली, ती सरळ उभी राहिली. तिनं बॅगेतून काचेची लांब कांडी काढली.

"ते काय गो?" भाऊंनी विचारलं.

"थर्मामीटर. किती निवली ते कळेल."

"तुझी आय काय थर्मामीटर लावायची?"

"मग काय करायची? मला तर 'निवली की कळतं' एवढंच सांगायची."

भाऊंनी खाटेवरून बोट उचललं ते थेट माझ्याकडे! "पेज उतरवली की ती हिच्याशी बोलाया कुंपनाशी जायची. बोलून आली की चिमूट टाकायची. रोज तेवढाच टाइम."

मी तशीच बघत राहिले. वीस वर्षं मला वाटायचं, माझं बोलणं ऐकायला वैनी कामधाम टाकून येते. आणि ती पेज निववत होती! म्हणूनच ती चिमूट टाकायची तेव्हा मी तिथं कधी नसायचे. मी कुंपणाशीच असायचे, बोललेलं आठवत.

"बघता काय? जावा दोघी," भाऊ म्हणाले.

मी माझ्या बाजूला आले. अशू तिच्या बाजूला उभी राहिली, वैनी उभी राहायची त्याच निरगुडीच्या फांदीपाशी. मग अगदी हळू म्हणाली, "काय खबर, काकी?"

वैनी असंच विचारायची. मी सांगायला लागले. कोंबडीनं घातलेली अंडी, गणपतमामांच्या नातीचं ठरलेलं लग्न, धसईच्या बाजारात वांगी किती किडकी आली ते. बोलता बोलता तेही बाहेर पडलं. "अशू, तुझ्या आयनं शपथ घातली व्हती गो मला."

"माहीत आहे. बाबांनी त्याच दिवशी सांगितलं."

"मंग श्राद्धाला आलीस तवा इकडं फिरकली का नाहीस?"

अशू निरगुडीचं पान चुरगळत होती. "तुम्ही नेहमीसारखी हाक मारली असती, 'वैनी, अशू आली गो!' म्हणून. आणि आई बाहेर आली नसती."

तेवढ्यात आतून भाऊंचा आवाज. आजारी माणूस, पण चांगला खणखणीत! "झालं एवढं! ती यापेक्षा जास्त नाय बोलायची!"

आम्ही धावत आत गेलो. अशूनं काचेची कांडी पेजेत बुडवली, उजेडाकडे धरून वाचली. पुन्हा वाचली. मला वाटलं आता काही सांगेल. तिनं ती पुसून बॅगेत ठेवून दिली.

डबा उघडला. तीन बोटांची चिमूट घेतली, पेजेवर भुरभुरली, पळी एकदा ढवळून मधोमध उभी केली नि हात काढून घेतला.

पळी उभी.

भाऊ खाटेवर कोपरावर रेलून बघतायत. एक कोंबडी उंबऱ्यावर आली, तिलाही कुणी हाकललं नाही.

पळी उभीच.

अशूनं डोळे मिटले. आणि पळीचा दांडा जरासा कलला. थांबला. मग हळूहळू, जसं कुणीतरी बोटानं ढकलतंय, तसा कलत कलत गेला आणि टण् करून पातेल्याच्या काठावर आडवा पडला!

अशूनं डोळे उघडले.

मग भाऊ म्हणाले, "वाढ."

दोन वाट्या प्यायले. अशूनं त्यांच्या वाटीत उरलेलं बोटानं पुसून खाल्लं. भाऊंनी डबा मागून घेतला, आत वाकून पाहिलं नि म्हणाले, "अजून चार-पाच येळा व्हईल." झाकण लावलं, पण उशाशी नाही ठेवला. चुलीजवळच्या फळीवर ठेवायला सांगितला, वैनी ठेवायची तिथं.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी आठची एसटी आली, थांबली नि गेली. मी भांडी घासायला बसले होते. समोर भाऊंच्या पडवीत खुंटीला ओल्या फडक्याचं गाठोडं टांगलेलं होतं. थेंब थेंब पाणी गळत होतं, खाली कोंबड्या जमल्या होत्या.

तेवढ्यात चुलीपाशी पातेलं उतरवल्याचा आवाज झाला नि आतून हाक आली, "मंदाकाकी, या कुंपणाशी!"